प्रोफेसर कळसकरांची तीट

आमच्या इंदापूरच्या तालमीत चार माणसं नुसती अंग पुसत बसली तरी एकाला काहीतरी आठवतं, दुसरा त्यात भर घालतो आणि तिसरा "तसं न्हाय झालं ते" म्हणून पहिल्यापासून सांगायला लागतो. असे किस्से वर्षानुवर्षं साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या दगडूचे.

दगडू म्हणजे पुढं छापील जाहिरातींवर 'प्रोफेसर कळसकर' म्हणून गाजला तो. मूळ गाव कळस. वडील लवकर गेले, तेव्हा आई सखुबाई त्याला घेऊन इंदापूरला आली आणि बाजारात भाजी विकायला बसू लागली. ही सगळी एकोणीसशे तीस-पस्तीसच्या मागंपुढंची गोष्ट. दगडूचा धंदा म्हणजे शरीर. जत्रेजत्रेतून तिकीट लावून तो अंग दाखवायचा, साखळ्या तोडायचा, आणि मी त्याचा पुकारा करायचो. माझं स्वतःचं अंग म्हणाल तर काठीवर सदरा वाळत घातल्यासारखं, पण आवाज खणखणीत. लोक आधी मला बघायचे, मग त्याला. त्यामुळं तो आहे त्याहून मोठा दिसायचा.

*

सुरुवात कुस्तीपासूनच झाली. आमच्या तालमीचे वस्ताद आबा. त्यांना वाटलं, एवढा धिप्पाड गडी हाताशी आहे, आता सगळा तालुका आपलाच. बावड्याच्या जत्रेत त्यांनी दगडूला फडात उतरवला. समोर एक काटकुळा गडी. सलामी झाली, हातात हात गेले, आणि आमच्या तोंडातली सुपारी फुटायच्या आत दगडू उताणा!

आबांनी कपाळाला हात लावला. पण फडात भलतंच चाललं होतं. जिंकलेला गडी फेटा बांधून घ्यायला उभा होता आणि त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. लोक उताण्या दगडूभोवती गोळा झालेले. कुणी छातीकडं बोट दाखवतंय, कुणी दंड चाचपून बघतंय. त्यालाही उठायची काही घाई दिसेना.

परतताना बैलगाडीत आबांनी त्याला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "दगड्या, तू लढायला न्हाय, बघायलाच बरा हायस."

ते रागानं बोलले होते. दगडूनं तो सल्ला समजून मनावर घेतला.

*

अंग दाखवायचं तर आधी स्वतःला दिसायला हवं. तालमीत आरसा आणायला आबांची सक्त मनाई. "आरसा बायकांनी बघावा," असं त्यांचं मत. तेव्हा साऱ्या इंदापुरात पुरुषभर उंचीचा आरसा एकच होता, नारायण न्हाव्याच्या दुकानात.

झालं, दगडू रोज सकाळी तिथं. सदरा खुंटीला, आणि आरशासमोर उभं राहून कधी पाठ फुगव, कधी पोट आत ओढ. एकेक स्नायू निराळा उडवायला तो तिथंच शिकला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर मान वळवून बघायचं, नारायणचा वस्तरा हवेतच राहायचा. दुकानाबाहेर गर्दी मावेनाशी झाली.

मी एकदा नारायणला म्हटलं, तुझी तर चंगळ आहे.

"कसली चंगळ," तो म्हणाला. "गर्दी रग्गड हाय. दाढी कुणाचीच न्हाय."

*

आता सखुबाईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

दगडूच्या आधीची तिची दोन मुलं गेली होती. पहिलं चांगलं गुटगुटीत होतं. न्हाऊ घालताना ती एकदा त्याच्याकडं बघत राहिली, कौतुकानं दोन शब्द बोलली, आणि आठवड्याच्या आत ते तापानं गेलं. आईचीच दृष्ट सगळ्यात वाईट, हे तेव्हापासून तिच्या मनात पक्कं बसलं. तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं ते त्यासाठीच. पोराच्या अंगात सदरा नसला की ती तोंड फिरवायची. निघताना त्याला काजळाची तीट लावायची, तीसुद्धा डोळे मिटून. त्यामुळं ती तीट कधी गालाला लागायची, कधी कानाला, एकदा तर नाकाच्या शेंड्याला.

त्याच्या एकाही प्रयोगाला ती आली नाही. दगडूला त्याचं फार वाईट वाटायचं. "साऱ्या मुलखानं बघितलं, पर आयेनं न्हाय बघितलं," असं तो मला म्हणायचा. एवढा दांडगा माणूस, पण हे बोलताना त्याचा आवाज अगदी लहान व्हायचा.

त्यात तो लग्नाचा झाला. बावड्याहून एक पाहुणे पोरीसाठी मुलगा बघायला आले. मी तिथंच बसलो होतो. पाहुण्यांनी विचारलं, मुलाची तब्येत कशी काय आहे? दुसरी आई असती तर छाती फुगवून सांगितलं असतं. सखुबाईनं तोंड पाडलं. पोरगं लहानपणापासून किरकोळ, खातपीत नाही, अर्ध्या भाकरीवर उठतं, वारा आला तर भिंतीला धरून चालतं, असं बरंच काही सांगितलं. पाहुणे हळहळले.

तेवढ्यात खोलीत अंधार झाला. दगडू दारात येऊन उभा राहिला होता. चौकट पूर्ण भरलेली.

पाहुण्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग ह्यो कोन म्हनायचा?"

सखुबाई जागची हलली नाही. म्हणाली, "त्योच. सूज आलीया जरा."

पाहुणे चहा न घेता उठले. मात्र पुढं वर्षभरानं त्याच घरात सोयरीक झाली. पोरीनंच बापाला सांगितलं म्हणे, की सूज उतरली नसेल तर हाच मुलगा करा.

*

एका पुण्याच्या मित्रानं दगडूला इंग्रजी मासिक आणून दिलं. मजकूर आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हता, पण आत एका गोऱ्या मल्लाचं पानभर चित्र होतं. दगडूनं ते भिंतीला खळीनं चिकटवलं आणि रोज त्याच्यासारखं उभं राहायचा सराव केला.

एके दिवशी बघतो तर गोऱ्याच्या गालावर काजळाचा मोठा ठिपका! दगडू वैतागला. आये, चित्र कशाला खराब केलंस, म्हणून कुरकुरला.

सखुबाई वांगी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याची बी आय आसंल की कुठंतरी."

तीट तशीच राहिली.

*

'प्रोफेसर' ही पदवी बारामतीच्या छापखानेवाल्यानं दिली. शक्तीचे प्रयोग करणाऱ्यानं नावामागं प्रोफेसर लावलं नाही तर तिकिटं खपत नाहीत, असं त्याचं म्हणणं. आम्हाला काय, फुकटच मिळत होती. पण प्रयोगाच्या आधी तिथल्या शाळेचे हेडमास्तर मोठ्या आदरानं भेटायला आले, आणि नमस्कार झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपला विषय कोणता?"

दगडू शांतपणे म्हणाला, "छाती आन् दंड."

त्याच दिवशी चालती मोटार दोरानं धरून थांबवायचा प्रयोग ठरला होता. मोटार एका गुळाच्या व्यापाऱ्याची. नवी कोरी, गावाला तिचं फार कौतुक. कॅनॉलच्या पुलापासून पेठेपर्यंत माणूस उभं होतं. दगडूनं छातीला दोर गुंडाळला, पाय रोवले. ड्रायव्हरनं हँडल मारलं. मोटार खोकली आणि गप्प झाली. पुन्हा हँडल, पुन्हा तेच. शेठजी खाली उतरले, आतल्या यंत्रात डोकं घालून बाहेर आले, तोंड काळं. लोक शिट्ट्या मारायला लागले, पैसे परत मागायला लागले.

अशा वेळी पुकारा करणाऱ्याचीच पंचाईत असते. मी टेबलावर चढलो आणि जीव तोडून ओरडलो, "लोकहो, प्रोफेसरसाहेबांनी अजून दोर ओढलेला नाही. नुसतं बघितलं, तर गाडी बंद पडली!"

जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना. शेठजी मात्र माझ्याशी पुढं कधी बोलले नाहीत.

*

पुण्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला मीही बरोबर होतो. तिकडचे गडी तेल चोपडून चकाचक आलेले. आमचा दगडू ओळीत उभा, आणि पाठीवर मधोमध रुपयाएवढी काळी तीट, वर अंगठा ओढल्याची शेपटी. निघताना सखुबाईनं डोळे मिटून जिथं हात पोचला तिथं लावलेली.

परीक्षक मागून फिरत फिरत आले आणि थबकले. हा डाग कसला, म्हणाले. पुसून टाका, स्नायू नीट दिसत नाही, गुण कापावे लागतील.

दगडूनं मागं न बघता सांगितलं, "कापा साहेब. आयेचा हात हाय, पुसायचा न्हाय."

मी देवाचं नाव घेत उभा. एवढ्या लांब येऊन हा माणूस काजळापायी हरतोय, असं वाटत होतं. निकाल लागला. पहिला नंबर दगडूचा! पट्टा गळ्यात पडला तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. बघतो तर काय, पुण्याचे झाडून सगळे गडी पाठीवर काळा ठिपका लावून आलेले.

*

पुण्याहून पहिल्यांदा पट्टा आणला तेव्हा इंदापूरच्या बाजारतळावर सत्कार ठरला. उन्हं कलल्यावर मंडप गच्च भरला. मामलेदार आले, आबा फेटा बांधून पहिल्या ओळीत. दगडूच्या बायकोनं कसंबसं समजावून सखुबाईला आणलं होतं. ती बायकांच्या बाजूला पुढंच बसली, पण मंचाकडं पाठ करून. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती त्यांच्या तोंडांकडं बघत होती.

दगडूनं सगळे प्रकार केले. दंड, छाती, पाठ. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी त्यानं मला हातानं थांबवलं आणि मंचाच्या कडेला येऊन हात खाली सोडून नुसताच उभा राहिला.

"आये," तो म्हणाला, "एकदा बघ की गं."

सखुबाई बराच वेळ तशीच बसली. तिचे खांदे हलत होते. मग ती सावकाश वळली आणि तिनं बघितलं. केसापासून पायाच्या नखापर्यंत, अगदी सावकाश, डोळे न पुसता. पोरगं एवढं मोठं कधी झालं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मला तिकडं बघवेना.

मग ती एकदम उठली. शेजारच्या हॉटेलवाल्याची पेटती शेगडी मागवली, कनवटीची मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या काढल्या, आणि थेट मंचावर चढली. एवढा प्रोफेसर, लंगोटावर, मामलेदारासमोर मुकाट्यानं मांडी घालून बसला. ती मूठ ओवाळू लागली. "आल्यागेल्याची, वाटंवरल्याची, पुण्याच्या लोकांची, मामलेदाराची, वस्तादाची…"

"माझी न्हाय बरं का," आबा खालून म्हणाले.

दृष्ट नसली तर मिरच्यांच्या धुरानं माणूस खोकून बेजार होतो आणि लागलेली असली तर ठसका उठत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तिनं मूठ निखाऱ्यात टाकली तशी मामलेदारांनी रुमाल काढला, बायकांनी पदर नाकाला लावले. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर मंडपभर पसरला. आम्ही वाट बघत राहिलो.

कुणालाही ठसका लागला नाही.

आबांनी नाकावरचं उपरणं खाली घेतलं. "आरं बाबा, येवढी जबर कुणाची लागली म्हनायची?"

सखुबाईनं पदर सारखा केला.

"माझीच," ती म्हणाली.