सुदामचं पिंपळपान

भूतखेत, चकवा, देवाचा कौल... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आयुष्य कॉम्प्युटरपुढे गेलं. मशीन सांगितलं तेवढंच करतं, हे मी शेकडो जणांना शिकवलं. तरीही हा अनुभव लिहितोय, कारण त्याच्या निमित्ताने मी एक खोटं बोललो होतो. आता वय झालं. ते खोटं घेऊन जायचं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरजवळ केडगावला, पुणे रोडवर एका प्रेसमध्ये मी होतो. लग्नपत्रिका तयार करणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. नावं, तारीख, स्थळ भरा, डिझाईन निवडा, की पान तयार! सहा डिझाईन प्रोग्राममध्येच होती. शिवाय गिऱ्हाईकाचं स्वतंत्र डिझाईनही बसवता यायचं. त्यासाठी एक छोटी फाईल असे – वरचं चित्र कोणतं, पहिली ओळ कोणती, किनार कशी. आसपास कुणाकडेच असं काही नव्हतं. मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे.

माझ्यासोबत सुदाम होता. तिसगावचा, बौद्ध. आधी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा, मग पाहून पाहून कॉम्प्युटर शिकला. आपल्या समाजाच्या पत्रिकांसाठी त्याने स्वतः डिझाईन केलं – वर पिंपळपानात बुद्ध, खाली ‘नमो बुद्धाय, जयभीम’. फार देखणं काम!

आमचा वाद एकाच गोष्टीवर. स्वतंत्र डिझाईनची सेटिंग चुकली किंवा चित्र सापडलं नाही, तर माझा प्रोग्राम काही न बोलता एक नंबरचं डिझाईन घ्यायचा. एक नंबर म्हणजे गणपती आणि ‘श्री गणेश प्रसन्न’.

"सायेब, आमच्या पत्रिकेवर गणपती छापला तर मांडवात काय तोंड दाखवायचं मानसानं?"

"अरे, प्रूफ बघतोच ना आपण!"

"न्हाई बघितलं तर? आधी समदी सेटिंग तपासा. चित्र न्हाई सापडलं तर दुसरं घालू नका. इचारा! मशीनला इचारायची लाज वाटती का तुमाला?"

मी हसून टाळलं. एरर दिसली की गिऱ्हाईक बिचकतं, हे माझं म्हणणं. पुढे सुदामला काविळीने गाठलं. पंधरा दिवसांत गेला.

वर्षभराने त्याची मुलगी रंजना मजकूर घेऊन आली. तिचंच लग्न. वडिलांना ती दादा म्हणायची.

"काका, दादांचंच डिझाईन घाला. चुलते टेम्पो घिऊन बाहेर थांबलेत, पत्रिका आजच न्यायच्यात. तुमी हायेत म्हनल्यावर बघायचं काय?"

महिन्यापूर्वीच आम्ही नवीन मशीन घेतलं होतं. प्रोग्राम मी त्यावर नव्याने तयार करून टाकला होता. सुदामची सेटिंगची फाईल आणली, पण पिंपळपानाचं चित्र जुन्या मशीनवरच राहिलं. हे माझ्या ध्यानातही नव्हतं. भर दुपारी, प्रेसचे मालक शेठ आणि रंजना शेजारी उभे असताना मी प्रिंटचं बटण दाबलं आणि प्रूफ न बघता कागद मोजायला वळलो.

प्रिंटर चाललाच नाही.

"काका... हे काय आलंय?"

काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत एक ओळ होती – ‘चित्र न्हाई. दुसरं घालू नका. इचारा.’

रंजना तोंडावर हात ठेवून म्हणाली, "ह्ये तर दादांचं बोलनं हाय."

शेठ खूश. "वा! हे तपासणीचं तुम्ही बसवलंत?"

आणि मी म्हणालो, "हो."

जुन्या मशीनवरून चित्र आणलं. पत्रिका सुंदर निघाली. रंजना गेल्यावर मी प्रोग्रामची ओळ न् ओळ पाहिली. ते वाक्य कुठेच नव्हतं. थांबायची सूचनाच नव्हती! मुद्दाम चित्र काढून पुन्हा बटण दाबलं. प्रिंटर लगेच सुरू झाला... कागदावर गणपती, आणि त्याखाली सुदामच्या लेकीचं नाव. तो कागद मी फाडला.

दोन दिवस बसून खरी तपासणी लिहिली. आमची सहा असोत की बाहेरचं डिझाईन – नाव, चित्र, किनार, सगळं आधी तपासायचं. काही चुकलं तर थांबायचं. सूचना म्हणून तेच वाक्य जसंच्या तसं टाकलं. पुढे सुप्यापासून पाथर्डीपर्यंतच्या प्रेसनी तो प्रोग्राम नेला. ‘यावर चुकीची पत्रिका निघत नाही,’ असं लोक म्हणायचे. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. सुदामचं नाव मी घेतलं नाही.

गेल्या महिन्यात रंजनाला फोन करून सगळं सांगितलं. ती हसली.

"मला तवाच कळलं हुतं, काका. ‘हो’ म्हनताना तुमचे कान लाल झाल्ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी नंतर तपासनी बसवली ना? दादा तेवढंच तर मागत हुते."

तर नोंद करून ठेवा – तपासणीची कल्पना सुदामची, वाक्य सुदामचं. टायपिंग फक्त माझं. असा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा, याचा मला त्या शालीपेक्षा जास्त अभिमान आहे.

त्या दुपारी ते वाक्य कुठून आलं, ते मला आजही सांगता येत नाही. मशीन सांगितलं तेवढंच करतं, हे मी अजूनही म्हणतो. फक्त त्या दिवशी त्याला सांगितलं कुणी, एवढंच माहीत नाही.