शांतानं परत आणलेलं बेणं

माझ्या धाकट्या जावेनं हात जोडून माफी मागितली, तवा मी आधी कोंबड्या मोजल्या.

शांताला जाऊन आज वरीस झालं. मी सांगून राहिले, नात टाईप करून राहिली. चूक दिसली तर तिची.

आमी दोघी जावा, एका भिंतीच्या शेजारणी. एका साली ऐन लागवडीच्या तोंडावर माझं हळदीचं बेणं चोरीला गेलं. मी शांताचं नाव घेतलं. तिनं लेकराची आण घेतली.
नऊ सालं अबोला.

मग ती वारंगा फाट्याला ऐतवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली. येशूच्या.
अन् एक दिवस टोपलंभर बेणं घेऊन दारात उभी.

"अक्का, ते मीच उचललं व्हतं. प्रभूपुढं सगळं सोडलं म्या."

"बेणं माझं अन् सोडती प्रभूपुढं? त्याला कुठं हळद लावायची हाय?"

ती हसली. नऊ सालानंतर.
मला जास्तच शक आला.

बेणं मोडून पाहिलं. हुंगलं. शेतात न्हाई लावलं, परसात एक सरी लावली. टेस्ट म्हणून.

प्रेयरला बी गेले, तपासायला. टिनाचं शेड. सगळ्यांचे हात वर, डोळे बंद. माझे उघडे.
शांताच्या गालावर धारा. जिचा पदर कधी डोईवरून ढळला न्हाई, तिचा पदर खांद्यावर, अन् तिला पत्ता न्हाई.
मी तिच्या तोंडापुढं हात हलवून पाहिला.
डोळे न उघडता म्हणली, "अक्का, झोपले न्हाई मी."

पावसाळ्यात तिनं खाट धरली. मी गेले की एकच सवाल, "अक्का, उगवलं का?"

परसात हळद गुडघ्याला लागली व्हती.
पण उगवलं म्हणायचं म्हंजी माफ केलं म्हणायचं.
मी म्हणायची, "बघू."
ती म्हणायची, "उगवल. काहून घाई?"

तशीच गेली.

तिसऱ्या दिवशी तिची खोली आवरायला गेले. थकले, म्हणून तिच्या खाटेवर टेकले.
समोर खिडकी. खिडकीत माझं परस. माझी हळद, पानन् पान.

रोज दिसत व्हतं तिला. तरी विचारत व्हती.

यंदा त्याच बेण्याच्या चार सऱ्या शेतात लावल्या.

शांते, तुज्या प्रभूवर माझा अजून पुरा भरोसा न्हाई. एक डोळा उघडाच हाय.

पण उगवलं गं.
जा आता सुखानं.