दादूसचे मोजके सूर

आमच्या बँडचा कुठलाही फोटो काढा, दादूस त्यात अर्धाच येणार, नाहीतर झांजेच्या आड. स्टेजवर तो ड्रमच्या बाजूला, दिवा पोचणार नाही अशी जागा धरून उभा राहायचा आणि गाणं संपेपर्यंत हलायचा नाही. मी गिटार वाजवायचो, म्हणजे मुख्यतः उड्या मारायचो. कार्यक्रम संपला की लोक माझ्याशी हात मिळवत आणि दादूसला विचारत, "भाऊ, या वायरी कुठे ठेवायच्या?" तो सांगायचासुद्धा.

दादूस नवी मुंबईतल्या सारसोळे गावचा, महापेच्या एका गोदामात कामाला. आमच्याहून थोडा मोठा, म्हणून दादूस. त्याच्या गावात थोरल्या भावाला हीच हाक. बाकी आम्ही तिघं नेरूळच्या सोसायट्यांमधले: गाणारी केतकी, ड्रमवर नितीन आणि मी. रविवारी नितीनच्या काकांचा कारखाना बंद असे, तिथे आमची तालीम. दादूस यायचा, बेस गिटारच्या चार तारा लावायचा आणि नवं गाणं असलं तर पहिल्यांदा हाताची घडी घालून नुसतं ऐकायचा. मी वैतागायचो. "अरे, वाजव ना!" तो म्हणायचा, "थांब. गान्याला काय पायजे ते आधी कलू दे."

आणि गाण्याला फार थोडंच पाहिजे असतं, असं त्याचं ठाम मत. ज्या कडव्यात मला वीस सूर सुचत, तिथे तो दोन लावायचा. पण ते असे पडत की केतकीचा आवाज आपसूक मोकळा व्हायचा. हे तो गावच्या हळदींमध्ये शिकला होता. तिथल्या बेंजो पार्टीत त्याने लहानपणापासून ढोल वाजवलेला. "हलदीला नाचनारा शाबासकी बेंजोवाल्याला देतो," तो सांगायचा, "पन पाय ढोलावर टाकतो. ढोलवाला जास्त शाना झाला, की नवऱ्याची आत्या पडलीच समज." एका रविवारी तो आला नाही, तर आम्ही त्याच्याशिवाय तालीम करून पाहिली. सगळं वाजत होतं आणि काहीच उभं राहत नव्हतं. नितीन मध्येच काठ्या ठेवून म्हणाला, "घरी जाऊ या."

मग गेल्या वर्षी त्याचं वाजवणं आणखी कमी होऊ लागलं. दोन सुरांच्या जागी एक. कुठे कुठे तर नुसती शांतता. आम्ही हरखून गेलो. "काय जागा सोडतोस रे दादूस!" केतकी म्हणायची. त्याचं बघून मीदेखील माझी बडबड आवरली. गाणी सुधारली, लोक आम्हाला पुन्हा बोलवू लागले. आम्ही कौतुक केलं की दादूस हसायचा आणि डावा हात खिशात घालायचा.

तो हात त्याने आम्हाला एका तालमीत दाखवला. सोप्या जागी तार दाबता आली नाही तेव्हा. गिटारवर ठेवला की करंगळी आणि शेजारचं बोट आपोआप आत वळत. इतर कामाला हात ठणठणीत, फक्त तारेवर गेला की रुसायचा. "बरेच महिने झालं, ही दोगं ऐकत नाय," तो म्हणाला. डॉक्टर झाले होते, व्यायाम झाले होते. यापुढे काही उपाय नाही, असं शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे इतके दिवस आम्ही त्याच्या दुखण्याला टाळ्या वाजवत होतो.

"बोलला का नाहीस?" नितीन ओरडलाच.

"तुमाला आवडत होतं. गानं बी बिगडत नव्हतं. मंग कशाला टेन्शन देऊ?"

आम्ही तिघंही संगणकावर पोट भरणारे. नेटवर रात्रंदिवस शोधलं, कुणाकुणाला फोन केले आणि जिथे होतो तिथेच राहिलो. जवळच्या माणसाची दोन बोटं सरळ करता येत नाहीत, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

शेवटी आम्ही एक शक्कल काढली. अख्खं गाणं एकाच मोकळ्या तारेवर बांधलं. मोकळ्या तारेला डाव्या हाताची गरज नसते. दादूसला आम्ही मोठ्या ऐटीत ते ऐकवलं. तो वाजवायला लागला, अगदी जिथल्या तिथे. दुसऱ्या कडव्यात मात्र त्याने तारेवर तळवा ठेवला आणि सगळं थांबलं.

"हितं गान्याला वर जावाचं हाय," तो म्हणाला. "तुमी त्याला माझ्यापायी धरून ठेवलंय."

"पण आम्हाला तू हवायस," केतकी रडू लागली.

"मी हाय ना. सारसोल्यालाच हाय. कदी बी या."

त्याने गिटार पुसून पिशवीत घातली. चेन अडकली, ती त्याने सावकाश सोडवून लावली. पिशवी खांद्याला लावून तो निघाला. मग मी धावत दारापर्यंत गेलो. "दादूस, तू चुकतोयस," एवढंच मला म्हणायचं होतं. तो थांबला, माझ्याकडे बघत उभा राहिला. मला ते म्हणता येईना. गाणं खरंच अडकलं होतं.