राखीव इंजेक्शन कपाटातच राहिलं

"मॅडम, मेरोपेनेम रिलीज कीजिए. अभी!" डॉ. मल्होत्रा वॉर्डाच्या दारातच म्हणाले. मी सही केली नाही.

गुडगावच्या एका हॉस्पिटलमध्ये मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. मेरोपेनेम म्हणजे आमचं राखीव अँटिबायोटिक. बाकीची हरली की काढायचं, तेही माझ्या सहीनेच. ऊठसूट वापरलं तर जंतू त्यालाही सरावतात, मग हातात काही उरत नाही. हेच मी देशोदेशीच्या फार्मासिस्टना ऑनलाइन शिकवते. तिकडे सगळे माना डोलावतात. वॉर्डात मात्र रोज नव्याने भांडावं लागतं.

पेशंट होते दिल्लीतल्या आर. के. पुरमचे शेखसाहेब, मूळ सोलापूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. किडनीला इन्फेक्शन. सिप्रोफ्लॉक्सासिन शिरेतून दिलं तेव्हा ताप उतरला. तेच औषध गोळीतून सुरू केलं आणि ताप पुन्हा चढला. इन्फेक्शन रक्तात पसरलं असतं तर जिवावर बेतलं असतं. डॉक्टरांची घाई खोटी नव्हती.

"सर, कल्चर में सिप्रो सेन्सिटिव्ह है," मी म्हणाले. म्हणजे लॅबमध्ये हा जंतू याच औषधाने मरत होता. "फिर गोली से क्यों नहीं मर रहा? एक बार पूछ के आती हूँ."

"जल्दी!"

शेखवहिनी नवऱ्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होत्या.

"वहिनी, गोळीबरोबर यांना आणखी काही देता?"

"अच्छा, ते? सिस्टर गोळी घेऊन आल्या की आधी अॅसिडिटीचं सिरप पाजते. घरूनच आणलंय. गोळी गरम पडते ना! कॉलनीत सगळे असंच घेतात."

घ्या! त्या सिरपमधलं मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम सिप्रोला पोटातच धरून ठेवतं. गोळी वेळेवर गिळली जात होती, रक्तात जेमतेम पोचत होती.

"म्हणजे ताप माझ्यामुळे...?" वहिनींचे डोळे भरले.

"तुम्ही काळजीपोटीच दिलंत. आम्ही विचारायला हवं होतं."

मल्होत्रांनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक है, सिप्रो वापस आयव्ही. सुबह तक फर्क नहीं पड़ा तो मेरो, और आप बीच में नहीं आएँगी."

"मंजूर."

सकाळी ताप उतरणीला लागला होता. शेखसाहेब चहा गार आल्याची तक्रार करत होते. पुढे सिरप बंद करून त्याच गोळीवर घरी गेले.

मल्होत्रा आता राउंडला पेशंटना दरडावून विचारतात, "दवा के साथ और क्या लेते हो?" जणू प्रश्न त्यांनीच शोधला. शोधू देत. औषध हरलं असं म्हणण्याआधी ते लढायला पोचलं होतं का, एवढं कुणीतरी विचारल्याशी मतलब.