पगाराऐवजी फेटा

माझे मालक, म्हणजे आमचे हे, परळीला राखेचा बल्कर, म्हणजे बंद टाकीचा ट्रक, चालवायचे. औष्णिक वीज केंद्रातली राख भरायची आणि सिमेंटच्या कारखान्याला पोचवायची, हे त्यांचं काम. राखेच्या तळ्याकडचा रस्ता असा, की पाण्याचे चार थेंब पडले तरी गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकते. भरलेला बल्कर तिथं हे हसत हसत सरळ काढायचे आणि टपरीवरचे लोक चहा सोडून बघत राहायचे. मला त्याचं कौतुक नव्हतं, भीतीच वाटायची. पण पगार वेळेवर व्हायचा. मी घरी ब्लाऊज शिवायचे. दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

त्या टपरीवर एक दिवस भैय्या आला. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा तो मुलगा. नाव कुणी घेत नाही, सगळे भैय्याच म्हणतात. पुण्याकडं मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारींच्या शर्यती बघून आला होता आणि आता त्याला स्वतःची टीम काढायची होती. ह्यांची गाडी बघितली आणि तसाच मागोमाग आमच्या घरी आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माझ्या हातचा चहा प्यायला.

"वहिनी, ह्या माणसाला राखेत काहून कुजवताय?" म्हणाला. "शर्यत असू दे नसू दे, महिन्याचा पगार माझ्याकडं लागला. बल्करपेक्षा जास्तच देतो."

मी विचारलं, "लिहून देताल का?"

तो हसला. "आमचा शब्द हाय वहिनी. शब्दावर तर राजकारण चालतं आमचं."

हे माझ्याकडं असं बघायला लागले, की मी भैय्याचा अपमानच केला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी बल्करची चावी गाडीच्या मालकाला नेऊन दिली.

सुरुवातीचे काही महिने पगार आला, खोटं कशाला बोलू. शर्यतीची गाडी आली. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, एकच सीट, बाहेरून चारी बाजूंनी भैय्याच्या वडिलांचे फोटो. हे सकाळी उठून माळावर सरावाला जायचे आणि तोंड मातीनं माखून यायचे. इतकं खूष मी त्यांना लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मग नाशिककडच्या एका शर्यतीत हे पहिले आले. परळीत काय मिरवणूक निघाली! डीजे लावला, जेसीबीतून फुलं उधळली. चौकात बॅनर लागला. त्यावर भैय्या, भैय्याचे वडील, चुलते, चुलत्यांची पोरं, आणि खाली कोपऱ्यात रेशनकार्डावर असतो तेवढा ह्यांचा फोटो. ह्यांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला.

त्या महिन्याचा पगार आला नाही.

"मिरवणुकीत लई खर्च झालाय भैय्याचा," हे म्हणाले. "पुढच्या महिन्यात दोन्ही देतो म्हणलाय."

पुढच्या महिन्यात भैय्याचा वाढदिवस आला, त्यात परत सत्कार. त्याच्या पुढच्या महिन्यात कुठल्या तरी उद्घाटनाला ह्यांना गाडीसकट उभं केलं. हे पगाराचं बोलायला गेले, की भैय्या ह्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा. घरात शाली साठत गेल्या. किराणावाला उधारी थांबवतो म्हणाला तेव्हा एक नवी शाल मी त्याच्यापुढं टाकली आणि विचारलं, "ह्याची साखर किती येईल?" तो बिचारा वरमला. राग त्याच्यावर नव्हता माझा, पण जवळ तोच होता.

शेवटी मीच भैय्याच्या बंगल्यावर गेले. भैय्या नव्हता. त्याची आई बाहेर आली. मला सोफ्यावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. मी म्हणाले, "आईसाहेब, ह्यांचा पगार थांबलाय. घर कसं चालवू?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि तांदूळ, नारळ, ब्लाऊजपीस आणून माझी ओटी भरली.

"मोकळ्या हातानं कशी पाठवू लेकी तुला," म्हणाल्या. "पुरुषांच्या व्यवहारात आपण कशाला पडायचं?"

मी दिवसभर दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवणारी बाई. तो ब्लाऊजपीस हातात घेऊन मी ऑटोत बसले आणि घर येईपर्यंत माझे दात आवळलेले होते. भरली ओटी परत करता येत नाही, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

ह्यांना सांगितलं तर हे माझ्यावरच चिडले. "तू काहून गेलतीस? माझी इज्जत काय ऱ्हायली?"

"इज्जत म्हणजे फेटा का?" मी विचारलं. "सोडा ती गाडी. परत बल्करवर जा."

"सोडलं तर मागचं सगळं बुडंल," हे म्हणाले. आणि मग, दुसरीकडं बघत, "आन गाडी तरी कशी सोडू?"

तेव्हा मला कळलं, की भैय्यानं नेमकं हेच ओळखलं होतं. ज्याला कामाची गोडी लागली त्याला पगार दिला नाही तरी तो कामावर येतो. ह्यांच्या त्या आनंदावरच भैय्या टीम चालवत होता. तेव्हापासून मला त्या माणसाचा जो संताप आला, तो पैशाच्या संतापाहून वेगळा होता.

भैय्याच्या वडिलांच्या वाढदिवसाला बीडजवळच्या एका माळावर शर्यत ठेवली. त्याच्या आदल्या दिवशी टीमचा मिस्तरी माझ्याकडं आला. दारातच उभा राहिला.

"ताई, मी काम सोडलं," म्हणाला. "माझा पगारबी थकलाय. पण त्ये सांगाया आलो न्हाई. गाडीचं ब्रेक गेल्यात जमा हायेत. सामान आणा म्हणून किती डाव सांगितलं, भैय्या म्हणला वाढदिवसानंतर बघू. दादाला सांगितलं तर दादा म्हणतात, मी गिअरवर थांबवतो गाडी. तुमी तरी सांगा त्यान्ला."

ह्यांना सांगून उपयोग नव्हता. सकाळी हे गेल्यावर मी एसटीनं बीडला गेले आणि तिथून ऑटो करून माळावर.

माणसं मावत नव्हती. मांडव, बॅनर, माईकवर एकजण नेत्यांची नावं वाचत होता. ह्यांची गाडी रेषेजवळ येऊन थांबली होती. मी बांबूच्या कठड्याखालून वाकून आत गेले आणि सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिले.

भैय्या पळत आला. "वहिनी, बाजूला व्हा. काय तमाशा लावलाय?"

"गाडीला ब्रेक न्हाई," मी म्हणाले. "मिस्तरीला पगार न्हाई म्हणून मिस्तरी न्हाई. ह्यांनाबी पगार न्हाई. आधी पगार द्या, ब्रेक बसवा, मग शर्यत लावा."

"घरी बसून बोलू ना."

"घरी आलते मी. माझी ओटी भरून पाठवलं तुमी."

माईकवाला गप्प झाला होता. पुढच्या रांगेतल्या लोकांनी ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं. भैय्यानं आवाज चढवला आणि ह्यांच्याकडं वळून ओरडला, "ए, तुझ्या बायकोला आवर बे! उचल तिला हितून!"

हे गाडीतून उतरले. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडणार. चेहरा तसाच होता त्यांचा. हेल्मेट काढून टपावर ठेवलं आणि भैय्यापुढं जाऊन उभे राहिले.

"बे कुणाला म्हणला?" एवढंच विचारलं.

भैय्या म्हणाला, "तुला रस्त्यावरून उचलून माणूस केला मी."

"मी माणूसच होतो," हे म्हणाले. "पगार घेत होतो."

मग माझा दंड धरला आणि आम्ही माळाच्या बाहेर चालत निघालो. मागं माईकवर सांगितलं, की तांत्रिक कारणामुळं गाडी शर्यतीत नाही. स्टँडवर आल्यावर हे बाकावर बसून रडले. मी त्यांना रडू दिलं.

आम्ही बीडच्या कामगार कार्यालयात अर्ज केला. भैय्याचा वकील म्हणाला, हा नोकर कधी नव्हताच, हा हौशी खेळाडू, हौसेनं गाडी चालवायचा. हौस! मिस्तरी येऊन खरं बोलला, म्हणून केस उभी तरी राहिली. तिथले साहेब सरळ होते, पण तारखा पडत राहिल्या आणि प्रत्येक तारखेला ह्यांचा त्या दिवसाचा रोज बुडायचा. शेवटी भैय्यानं निम्मा पगार देतो म्हणून तयारी दाखवली. मी सही करू नका म्हणाले. ह्यांनी केली. थकले होते, त्यांना मी दोष देत नाही. त्याला सगळे तडजोड म्हणतात. ज्याचं सगळं येणं होतं त्यानं निम्मं सोडलं आणि ज्याचं देणं होतं त्यानं निम्मं वाचवलं, ह्यात तडजोड कुणी केली?

हे आता परत बल्करवर आहेत. शर्यतीच्या गाडीवर कुणी पुन्हा बोलावलं नाही, भैय्यानं सगळीकडं सांगून ठेवलं असणार. सरावाच्या माळाकडचा रस्ता आला की हे तिकडं बघत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात युसूफ वडगावला माझ्या माहेरच्या भावकीत लग्न होतं. भैय्या आला, मागं दहा-पंधरा माणसं. बायकांच्या बाजूनं जाताना मला बघून थांबला आणि चारचौघांत हात जोडले. "काय वहिनी, बरं हाय ना सगळं?"

"बरं न्हाई," मी म्हणाले. "निम्मा पगार ऱ्हायलाय."

तो हसल्यासारखं करून पुढं गेला. शेजारची बाई मला म्हणाली, लग्नात कशाला गं? मी उभी राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले, ह्या वेळी मांडवाच्या त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात.