ब्रेकमास्तरांची साक्ष

ब्रेकमास्तर गाडी शिकवायचे. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मास्तर तो इतक्या सढळ पायाने दाबायचे की शिकणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन परत यायचं. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला गाडी पट्ट्याच्या अलीकडे थांबलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. एकदा मी म्हटलं, मास्तर, कोणी बघत नाहीये. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, मला खाली उतरवलं आणि कोण थांबतं, कोण पळतं ते बघत चौकात उभं केलं. तास तिथेच संपला.

त्यांची बायको शिशुवर्गात शिकवायची आणि नवऱ्याची टिंगल करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "यांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, जिभेला एकही नाही," असं ती चर्चच्या मंडळीतल्या बायकांना सांगायची. जिभेचं कारण म्हणजे रविवारची प्रार्थना. आमची मंडळी छोटी. देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी करायची प्रार्थना मास्तरांकडे असायची. दुसरा कोणी असता तर दोन वाक्यांत उरकली असती. मास्तर मंत्र्यांपासून सुरुवात करायचे, न्यायाधीश, नगरपालिका, पाणीखातं, अग्निशामक दल करत करत चौकात उन्हात उभ्या राहणाऱ्या पोलिसांपर्यंत यायचे. मागच्या बाकावरची मंडळी चुळबुळ करायची. निवडणुकीत मास्तरांचा पक्ष आपटला, त्या रविवारीही प्रार्थना तेवढीच लांब झाली. कोणीतरी टोमणा मारला, तेव्हा ते म्हणाले, मत दिलं नाही म्हणून प्रार्थनाही द्यायची नाही, असं कुठे सांगितलंय?

हे त्यांच्यात नुसतं उपदेश ऐकून आलेलं नव्हतं. ते लहान असताना त्यांच्या गावात सरकार कोसळल्यावर काही दिवस पोलीसच उरले नव्हते. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते लुटलं गेलं, आणि लुटणारे परके नव्हते. त्यातले दोघे उपासनेत शेजारच्या बाकावर बसणारे होते. पुढे चौकात पुन्हा शिपाई उभा राहिला, तेव्हा कुठे आईने दाराची कडी काढली. अधिकार देवाने नेमलेला आहे, ही शिकवण मंडळीचे पाळक देत, पण मास्तरांना ती पटायला ती कडी कारण झाली होती.

ज्या मोठ्या चौकातून शिकवणीची गाडी रोज जायची, तिथे वर्षानुवर्षं एकच हवालदार होते. मास्तर त्यांना रोज नमस्कार करायचे आणि शिकणाऱ्यालाही करायला लावायचे. ओळख तेवढीच, पण जुनी.

त्या दिवशी गाडी एक शाळामास्तरीण चालवत होत्या. चौकात त्यांची बाजू लाल होती, म्हणून गाडी थांबलेली. कुठल्यातरी मंत्र्यांचा ताफा यायचा होता आणि वरून सारखे निरोप येत असल्यामुळे हवालदारांचा जीव टांगणीला लागलेला. आडव्या रस्त्याने गॅसवाला आला. घरोघरी गॅसच्या टाक्या पोचवणारा माणूस, तीनचाकी सायकल, मागे भरलेल्या टाक्या. त्याचा दिवा हिरवा होता. हवालदारांनी हात आडवा केला. गॅसवाल्याने ब्रेक दाबले, पण उतारावर भरलेली गाडी जागच्या जागी थांबेना. ती घसरत चौकात आली, आणि हवालदारांनी दात-ओठ खात हातातली काठी फिरवली. काठी गॅसवाल्याच्या डाव्या डोळ्यावर बसली.

मास्तर उतरून धावले. गॅसवाल्याला त्यांनीच शिकवणीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डोळा गेला तो गेलाच.

पोलिसांच्या कागदावर मात्र वेगळंच आलं. गॅसवाल्याने लाल दिवा तोडला, तोल गेला आणि दुभाजकाच्या कठड्यावर आपटून त्याला इजा झाली. चौकातल्या दुकानदारांना रोज तिथेच धंदा करायचा होता, त्यामुळे कोणालाच काही दिसलं नव्हतं. शाळामास्तरीण म्हणाल्या, त्या वेळी मी गिअरकडे बघत होते. हे खरंही असेल. गिअरकडे बघू नका, समोर बघा, असं मास्तर त्यांना पहिल्या दिवसापासून ओरडत होते.

गॅसवाल्याच्या बायकोने तक्रार दिली आणि ती मास्तरांच्या घरी आली. त्यांनी ऐकून घेतलं आणि साक्ष देईन म्हणून सांगितलं. मग असंही सांगितलं की पोलिसाचा हात दिव्याच्या वर असतो, हात आडवा झाल्यावर दिवा हिरवा असला तरी थांबायला हवं, आणि टाक्या नियमापेक्षा जास्त भरल्या होत्या, हेही मला विचारलं तर सांगेन.

ती बाई उठूनच उभी राहिली. "मास्तर, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"मी काचेच्या आतल्या बाजूचा, ताई. तिथून जे दिसलं, तेवढंच माझ्याकडे आहे."

ती गेल्यावर बायकोने विचारलं, टाक्यांचं सांगायची काही गरज होती का? मास्तर म्हणाले, काठीचं सांगायचं तर टाक्यांचंही सांगावं लागतं. ती बराच वेळ भांडी आदळत राहिली.

मंडळीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मास्तरांचे मेहुणे नगरपालिकेत कारकून होते आणि मंडळीच्या पंचकमिटीवरही. ते उपासनेनंतर सगळ्यांदेखत म्हणाले की आयुष्यभर अधिकाऱ्यांचा मान राखा म्हणून आमचे कान किटवलेत आणि आता वर्दीविरुद्ध उभे राहता? देवाने लावलेल्या व्यवस्थेला हात घालता? पाळकसाहेबांनी मेहुण्यांना थोपवलं, पण मास्तरांना बाजूला घेऊन तेही हळूच म्हणाले की मंडळी लहान आहे, सभागृहाचा परवाना दर वर्षी पोलिसांकडूनच येतो.

मास्तरांनी खिशातून चौकशीचं बोलावणं काढून दाखवलं. "हे कोणी पाठवलंय? त्याच व्यवस्थेने ना? ती विचारते, काय पाहिलं. मी गप्प बसलो किंवा खोटं बोललो, तर मान राखला असं कसं म्हणायचं?"

पाळकसाहेबांनी ते वाचून घडी घालून परत दिलं. मेहुण्यांनी मात्र त्या दिवसापासून बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी मास्तर हवालदारांच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. हवालदार बनियनवर बसून टेबलपंख्याचं पातं बसवत होते. वर्दीशिवाय मास्तरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते एकदम म्हातारे वाटले. त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि ती आत गेली.

"साहेब, उद्या मला बोलावलंय. काय सांगणार ते आधी तुमच्या कानावर घालायला आलो. मागून कळायला नको."

हवालदारांनी पातं खाली ठेवलं. "तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करता म्हणे."

"करतो."

"मग?"

"ज्यांच्यासाठी देवासमोर उभा राहतो, त्यांच्यासाठी खोटं बोललो, तर पुढच्या रविवारी कुठल्या तोंडाने उभा राहू?"

हवालदार म्हणाले की ताफा निघाल्याचा निरोप आला होता, चौक मोकळा नसता तर त्यांचीच नोकरी गेली असती. काठी डोळ्यावर मारायची नव्हती. मास्तर म्हणाले, मारायची नव्हती हे मला माहीत आहे, तेही सांगेन. मग हवालदार म्हणाले, "माझ्या दोन पोरींची शिक्षणं व्हायचीत, मास्तर." गॅसवाल्यालाही लेकरं होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. चहा निवला. मास्तरांनी तो तसाच पिऊन टाकला आणि निघाले.

चौकशी करणारे अधिकारी वयाने तरुण होते. त्यांनी बसायला सांगितलं, तरी मास्तर उभे राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, काचेवर ऊन असेल, नीट दिसलं नसेल, नाही का? मास्तर म्हणाले, "काच सकाळीच पुसली होती, साहेब."

त्यानंतर शहरातल्या प्रत्येक चौकात शिकवणीची गाडी अडवली जाऊ लागली. लायसन्स दाखवा, परवाना दाखवा, भोंगा वाजवा, दिवे लावा. मास्तर दर वेळी उतरायचे, कागद द्यायचे, साहेब म्हणायचे. एकदा खरंच मागचा दिवा बंद निघाला. त्यांनी त्या शिपायाचे आभार मानले आणि दिवा बदलेपर्यंत गाडी बाहेरच काढली नाही. ते आभार टोमणा होते की काय, म्हणून शिपाई घरी जाईपर्यंत विचार करत राहिला असेल. पण मास्तरांना टोमणा मारता येत नसे. रोजच्या अडवणुकीने शिकणारे मात्र वैतागले. बरेच जण दुसरीकडे गेले.

चौकशीचा निकाल लागला तो असा की हवालदारांना काही महिने घरी बसवलं, बस्स. कागदावरचा लाल दिवा लालच राहिला.

गॅसवाल्याचा धाकटा भाऊ पेटून उठला. त्याने पोरं जमवली, पोलीस चौकीवर चाल करून जायचं ठरवलं आणि सगळ्यांत पुढे मास्तरांनी चालावं म्हणून निरोप पाठवला. खरं बोललेला एकटा माणूस, त्याच्यामागे चार लोक येतील, असा हिशेब. मास्तर सकाळी त्यांच्या गल्लीत गेले. कोपऱ्यात विटांचे तुकडे गोळा करून ठेवले होते. ते म्हणाले की निकाल चुकीचा आहे, कोर्टात जाऊ, मी पुन्हा साक्ष देईन, कितीही वेळा देईन. पण चौकीत आज जे शिपाई बसलेत त्यांनी तुमचं काय बिघडवलंय?

"वर्दी तीच आहे ना," भाऊ म्हणाला.

"वर्दी तीच आहे, म्हणूनच दगड मारू नकोस. उद्या तुझ्याच घरात कोणी घुसलं तर तू त्या वर्दीलाच हाक मारशील."

कोणीतरी मागून त्यांना पोलिसांचा कुत्रा म्हटलं. बाकीचे हसले. गॅसवाला दारातच बसला होता, डोळ्यावर पट्टी. पोरं गेली, चौकीच्या काचा फुटल्या, एका शिपायाचं डोकं फुटलं आणि भाऊ कोठडीत गेला.

त्या आठवड्यात पोलिसांचा शत्रू आणि पोलिसांचा कुत्रा या दोन्ही पदव्या मास्तरांकडे होत्या. बायको म्हणाली, दाराबाहेर पाटी लावू का? त्यावर दोघंही हसले. मला वाटतं, बऱ्याच दिवसांनी.

मास्तर कोठडीतल्या भावाला भेटायला गेले. त्याने त्यांच्याकडे पाठ केली, पण त्यांनी आणलेला स्वेटर त्याने घेतला. सरकारकडून गरिबांना मिळणारा वकील मास्तरांनीच शोधला. तोच वकील मग गॅसवाल्याचं प्रकरण घेऊन कोर्टात गेला. तारखा पडत राहिल्या. मास्तर प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि बाकावर बसून राहायचे. त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्यांनी पूर्वी सांगितलं होतं तेच सांगितलं. हात आडवा होता, दिवा हिरवा होता, टाक्या जास्त होत्या, काठी फिरली. हवालदारांच्या वकिलाने त्यांना बराच वेळ उलटंसुलटं विचारलं. तेवढ्यात हवालदार स्वतःच उभे राहिले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "त्यांना आता सोडा, साहेब. ते सांगतात तसंच झालं होतं."

हवालदारांना कैद झाली, कबुलीमुळे थोडी कमी. नोकरी गेली. गॅसवाल्याला भरपाई मिळाली आणि गॅसच्या गोदामात बसून करायचं काम मिळालं. डाव्या बाजूने कोणी आलं तर तो अजूनही दचकतो. त्याची बायको मास्तरांना रस्त्यात भेटली तर थांबते, पण टाक्यांची गोष्ट ती विसरलेली नाही. मेहुणे पुढे एका लग्नात बहिणीशी बोलले, मास्तरांशी नाही.

मंडळीत आता प्रार्थनेत अधिकाऱ्यांनंतर कैद्यांचाही उल्लेख होऊ लागला. प्रार्थना आणखी लांबली.

मास्तर तुरुंगात हवालदारांना भेटायला गेले. पहिल्यांदा हवालदारांनी भेट नाकारली. दुसऱ्यांदाही नाकारली. पुढच्या खेपेला ते जाळीपलीकडे येऊन बसले. पोरींची चौकशी झाली. मोठीला एका दवाखान्यात काम लागलं होतं. मग हवालदारांनी विचारलं, "माझ्या जागी कोण आहे?"

"नवा पोरगा आहे. भर उन्हात टोपी काढून हातात धरतो."

"आत घाम येतो, डोकं खाजतं. टोपीच्या आतून ओला रुमाल लावायचा. त्याला कोणी सांगितलं नसेल."

भेटीची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गाडी चौकाच्या पलीकडे कडेला लावायला सांगितली, उतरून त्या पोराजवळ गेले आणि त्याला रुमालाचं सांगितलं.