जानेवारीतले पप्पा

पप्पांइतक्या प्रेमानं कागद हाताळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या कॉलेजच्या फीची पावती हातात आली की ते आधी रुमालानं टेबल पुसत, पावती त्यावर ठेवत आणि दुमडलेला कोपरा नखानं सरळ करत. मग अंगठा जिभेला लावून ती उलटून बघत. त्या ओल्या अंगठ्याचा डाग कागदावर राहायचा. झेरॉक्स काढून झाल्यावर परत मिळालेली पावती मी चिमटीत धरून फाइलमध्ये सरकवत असे आणि घरी जाऊन हात धूत असे.

मी पाचवीत असताना ते नोकरीसाठी जयसिंगपूरला गेले आणि तिकडचेच झाले. घटस्फोट झाला नाही, भांडणही झालं नाही. फक्त येणं कमी होत होत बंद पडलं. मी कॉलेजात गेल्यावर ते पुन्हा सुरू झालं, वर्षातून एकदा, जानेवारीत. पगारदार माणसांना त्या महिन्यात ऑफिसात कागद द्यावे लागतात. आपण मुलांची फी भरली असं दाखवलं की पगारातून टॅक्स कमी कापतात. माझी फी आई भरायची, साड्यांना फॉल-पिको करून. पावतीवर मात्र फक्त माझं पूर्ण नाव असायचं, म्हणजे मधे पप्पांचं. त्यांना तेवढं पुरत होतं.

फोन वाजला की आई मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "आला व्हय तुझा जानेवारी?"

आम्ही कॉलेजजवळच्या एका मिसळीच्या हॉटेलात भेटायचो. बसायच्या आधीच पप्पा म्हणायचे, "काय म्हणतंय कॉलेज? आण की पावती." पहिल्या वर्षी त्यांनी ती नीट वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "ह्यात ट्यूशन फी वेगळी लिवल्याली न्हाय. लायब्ररी-बिब्ररीचं धरत न्हाईत आमच्यात. जा, क्लार्ककडनं फोड करून आण." अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य जुळवत बसते. तरी मी खिडकीपुढं तासभर रांगेत उभी राहिले. क्लार्कनं विचारलं, "फोड कशाला पाहिजे?" मी म्हणाले, पप्पांच्या टॅक्ससाठी. शिक्का मारता मारता तो म्हणाला, "नशीबवान आहेस. वडील एवढं लक्ष घालतात."

मी परत आले तेव्हा पप्पांची मिसळ संपली होती. माझी गार झाली होती.

एकदा तिथं त्यांच्या ऑफिसातले कुंभारसाहेब भेटले. पप्पांनी माझ्याकडं हात केला. "ही माझी डिपेंडंट!" आणि स्वतःच मोठ्यानं हसले. कुंभारसाहेब म्हणाले, "आजकाल पोरगी शिकवायची म्हंजे खायचं काम न्हाय. मानलं बुवा तुमाला." पप्पांनी सुस्कारा सोडला. "करावं लागतंय की. आपलंच हाय न्हवं." मी इंग्लिश मीडियमची, आणि तेही पप्पांच्याच हट्टानं, त्यामुळं डिपेंडंट या शब्दाचा अर्थ मला त्या दोघांपेक्षा चांगला माहीत होता. मी पावाचा तुकडा तोंडात धरून बसले.

तरी खरं सांगायचं तर मी जानेवारीची वाट बघायचे. पप्पा बोलायला लागले की शेजारची टेबलं वळून ऐकायची. आमच्या घरात एवढ्या मोठ्यानं कोणी हसत नसे. ते मला "बाळ" म्हणायचे. तेवढ्या एका शब्दासाठी मी फोड केलेली पावती घेऊन जात होते, हे कळायला मला वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आई बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं आणि मशीन दोन महिने बंद. फीचा दुसरा हप्ता राहिला होता. तो भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नव्हते. आईला न सांगता मी ठरवलं की पप्पांना विचारायचं. जाताना रिक्षात मी ते वाक्य दहा वेळा मनात म्हटलं. हॉटेलात ते एका दमात बाहेर पडलं, "पप्पा, या वेळचा हप्ता तुम्ही भराल का?"

पप्पांनी चमचा खाली ठेवला. चेहरा अगदी मायेचा केला. "भरला असता गं बाळ. पण तुझ्या आईला ते लागंल. लई स्वाभिमानी बाई हाय ती. आपण तिचा मान ठेवायचा." मग जरा पुढं वाकून, हळू आवाजात, "भरलास की पावती तेवढी व्हॉट्सॲपवर टाक. फेब्रुवारीपतोर चालतंय."

हप्ता आईनं बचत गटातून कर्ज काढून भरला. अर्जावर सही डाव्या हातानं केली. आणि मी पप्पांना पावती पाठवली. हो, पाठवली. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

शेवटच्या वर्षी मी त्यांनी सांगायच्या आधीच फीची फोड करून घेतली. झेरॉक्स काढून ठेवली. पप्पांना रांग, क्लार्क, कशालाच थांबावं लागू नये, मग मिसळ दोघांनी मिळून खाता येईल, असा काहीतरी मूर्ख विचार त्यात होता. जानेवारी संपत आला तरी फोन आला नाही. शेवटी मीच केला. आई शेजारी मशीनवर होती.

"अगं हां, बाळ," पप्पा म्हणाले. "ह्या वर्षापासनं टॅक्सची ती नवी पद्धत घेतलीया मी. तिच्यात पोरांची फी धरतच न्हाईत. कुंभारसाहेबांनी करून बघितलं, हेच परवडतंय. तवा पावतीचं काम न्हाई आता. तुझी पण धावपळ वाचली बघ."

पुढं ते काही बोलतील म्हणून मी थांबले. मागं कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.

"थँक्यू, पप्पा," मी म्हणाले.

मशीन थांबलं. आईनं पहिल्यांदाच मान वर केली. "थँक्यू कशाचं म्हटलीस गं त्याला?"

पप्पांचा फोन पुन्हा आलेला नाही. त्यांची किळस करायला मी हळूहळू शिकले, आणि आता ती फारशी जड जात नाही. पण तो "थँक्यू" आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो, कारण तो मी मनापासून म्हटला होता.